आडवा रस्ता : राज्य महामार्ग ३५



या व्याख्यानमालेत माझ्या आधी जी मंडळी बोलली, त्यांनी किल्ले, ग्रंथ, गाणं असे मोठमोठे विषय घेतले. माझा विषय एक रस्ता आहे. बंगळूरच्या पूर्वेकडच्या उपनगरांतून जाणारा, कर्नाटक राज्य महामार्ग क्रमांक ३५. त्याचं कुणी गाणं लिहिलेलं नाही आणि तो पाहायला कुणी पर्यटकही येत नाही. रोज मात्र लाखभर माणसं त्याच्यावर अडकून पडतात, त्यांतला मी एक.

थोडी ओळख करून देतो. मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. सैन्यात अभियंता दलात होतो, बॉम्बे सॅपर्समध्ये. पूल बांधायचे, रस्ते काढायचे, शत्रूचे रस्ते बंद करायचे, ही आमची भाकरी. निवृत्तीनंतर मुलीच्या नोकरीमुळे आम्ही दोघं बंगळूरला आलो आणि महादेवपुऱ्यात राहिलो. सैन्य सुटलं तरी एक खोड सुटत नाही. कुठलाही रस्ता दिसला की मनात रेकी सुरू होते. चढ कुठे, पाणी कुठे, पूल किती टन झेलेल, वळसा घालायचा तर कुठून. आज तीच रेकी तुमच्यासमोर करणार आहे.

आधी सैन्यातली एक साधी कल्पना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. सैन्याच्या नकाशावर रस्ते दोन प्रकारचे असतात. एक उभे, म्हणजे तळापासून आघाडीकडे जाणारे. त्यांना आम्ही ॲक्सिस म्हणतो. दुसरे आडवे, म्हणजे एका उभ्या रस्त्यावरून दुसऱ्यावर नेणारे. त्यांना लॅटरल म्हणतात. शांततेच्या काळात सगळा पैसा उभ्या रस्त्यांवर जातो, कारण मोठे साहेब त्याच रस्त्याने येतात. लढाई सुरू झाली की कळतं, आडवा रस्ता धड नसेल तर इकडची कुमक तिकडे जातच नाही.

आता बंगळूरचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. मधोमध शहर. तिथून ईशान्येला होसकोटे आणि कोलारकडे जाणारा जुना मद्रास रस्ता. आग्नेयेला अत्तिबेले आणि होसूरकडे जाणारा होसूर रस्ता. हे दोन उभे रस्ते. आणि शहरात न शिरता, पूर्वेच्या अंगाने या दोघांना जोडणारा आडवा रस्ता म्हणजे आपला राज्य महामार्ग ३५. तो वर उत्तरेला रेशीमकोषांच्या बाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या शिडलघट्ट्याकडून येतो आणि खाली दक्षिणेला आनेकलकडे जातो. पण आपल्याला मधला तुकडा बघायचा आहे : होसकोटे, काडुगोडी, व्हाईटफिल्ड, वर्तूर, गुंजूर, दोम्मसंद्रा, सर्जापूर, अत्तिबेले. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा पट्टा. यातला काडुगोडी ते वर्तूर हा भाग आमच्या महादेवपुरा विधानसभा मतदारसंघात येतो.

ही गावांची नावं पुन्हा एकदा ऐका. यांतलं एकही गाव बंगळूरच्या जिवावर जन्मलेलं नाही. होसकोटे म्हणजे नवा कोट. सुगटूरच्या तम्मे गौडाने १५९५ च्या सुमाराला हा कोट बांधला. सर्जापूर हे विणकरांचं गाव. जुन्या गॅझेटिअरमध्ये त्याचं नाव सुती कापडासाठी आणि पूर्वी तिथे होणाऱ्या मलमलीसाठी येतं. आपल्या कानाला मात्र सर्जापूर म्हटलं की सर्जा-राजाची बैलजोडीच आठवते! दोम्मसंद्रा यातलं ‘संद्रा’ हे ‘समुद्र’ या शब्दाचं झिजलेलं रूप, आणि इथे समुद्र म्हणजे तळं. आमच्या महादेवपुऱ्यात गरुडाचारपाळ्य, सिंगय्यनपाळ्य अशा वस्त्या आहेत. पाळ्य म्हणजे वस्ती, आणि मुळात छावणी. म्हणजे नावं वाचत गेलात तरी कोट, छावणी, तळं आणि माग एवढ्या गोष्टी रस्त्यावर भेटतात. या गावांचा माल आणि माणसं एकमेकांकडे जायची, आठवड्याच्या बाजाराला जायची. हा रस्ता त्यांचा होता. शहर नंतर येऊन त्याच्यावर बसलं.

आता मराठी माणसाच्या जिव्हाळ्याची गोष्ट. १६३८ च्या सुमाराला विजापूरच्या रणदुल्ला खानाने शहाजीराजांना बरोबर घेऊन बंगळूर जिंकलं. पुढे शहाजीराजांना जी जहागीर मिळाली, तिच्यात बंगळूरबरोबर होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, सिरा हे मुलूख होते. म्हणजे आपल्या रस्त्याचं उत्तरेकडचं टोक भोसल्यांच्या जहागिरीत होतं. पुढे व्यंकोजीराजे तंजावरला गेले आणि १६८७ मध्ये बंगळूर म्हैसूरच्या चिक्क देवराज वडियारांकडे गेलं.

होसकोट्याची दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली आहे, म्हणून जरा रंगून सांगतो. ऑगस्ट १७६८. पहिलं इंग्रज-म्हैसूर युद्ध चालू होतं. गुत्तीचे मुरारराव घोरपडे इंग्रजांच्या बाजूने आले होते आणि होसकोट्याजवळ कर्नल स्मिथच्या फौजेपासून थोड्या अंतरावर त्यांचा तळ पडला होता. हैदर अलीने रात्री त्या तळावर घोडदळ घातलं. अंधारात आपला कोण आणि परका कोण हे ओळखायचं कसं? मुराररावांनी हुकूम दिला, कुणीही घोड्यावर चढायचं नाही, सगळ्यांनी तंबूजवळ पायउतारच राहायचं. म्हणजे घोड्यावर जो दिसेल तो शत्रू. इतका सोपा, इतका पक्का हुकूम मी लष्करी इतिहासात फार कमी वाचला आहे. हैदरचे स्वार तंबूंच्या दोऱ्यांत अडकले. त्यातच मराठ्यांचा एक हत्ती जखमी झाला, साखळी तोडून, तीच साखळी सोंडेत धरून फिरवत स्वारांमध्ये घुसला, आणि हल्ला उधळला गेला. ही हकीकत मार्क विल्क्सने आपल्या म्हैसूरच्या इतिहासात लिहून ठेवली आहे.

पुढे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस बंगळूर घ्यायला आला, तो कोलार आणि होसकोटे याच वाटेने. २१ मार्चच्या रात्री बंगळूरचा किल्ला पडला. जुलैत त्याच्या फौजा होसूरवर गेल्या, म्हणजे दुसऱ्या उभ्या रस्त्यावर. कुणी पूर्वेकडून बंगळूरवर येणार असेल तर त्याला या दोन वाटा. आणि या दोन वाटांच्या मधला मुलूख म्हणजे आज जिथे लोक सकाळी नऊ वाजता ब्रेकवर पाय ठेवून बसलेले असतात, तो.

इथे एक प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या ओठांवर असणार. मला फोनवर नेहमी विचारतात, ‘अहो कर्नलसाहेब, तुमच्या शेजारच्या मारतहळ्ळीचं नाव मराठ्यांवरून पडलं ना?’ इथले लोक दोन गोष्टी सांगतात. एक मराठ्यांची, दुसरी हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये तयार झालेल्या मारुत विमानाची. विमानाचं उत्तर सोपं आहे : मारुत पहिल्यांदा उडालं १९६१ मध्ये, आणि गाव त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे आहे. राहता राहिली आपली गोष्ट. तिच्यावर मी अभिमानाने छाती काढत नाही, कारण गाव कानडी माणसाने राखलं, कसलं आणि सांभाळलं. आपण पाहुणे म्हणून राहतो, त्यातही आनंद आहे.

आता दक्षिणेकडे निघू. होसकोट्याहून कन्नमंगलच्या बाजूने खाली आलं की काडुगोडी. इथे बंगळूर-जोलारपेट्टै रेल्वेमार्ग आडवा येतो. या मार्गाने १८६४ मध्ये बंगळूरच्या कॅन्टोन्मेंटपर्यंत आगगाडी आली. स्टेशनचं नाव व्हाईटफिल्ड, गाव काडुगोडी. आता मेट्रोच्या स्टेशनवरही तीच दोन नावं एकत्र लिहिलेली आहेत.

हे व्हाईटफिल्ड म्हणजे काय? १८८२ मध्ये म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन लोकांच्या संस्थेला सुमारे ३,९०० एकर जमीन वसाहतीसाठी दिली. मद्रासकडचे डी. एस. व्हाईट हे या समाजाचे पुढारी, त्यांच्यावरून वसाहतीला नाव पडलं. कल्पना अशी की सरकारी नोकरीवर अवलंबून न राहता या लोकांनी शेती करावी, फळबागा लावाव्यात. मधोमध एक गोल, भोवती बंगले. आजही तो ‘इनर सर्कल’ आहे. शंभर वर्षं व्हाईटफिल्ड म्हणजे पेन्शनरांचं, आंब्या-पेरूच्या झाडांचं, दुपारी झोपणारं गाव होतं. १९९४ मध्ये सिंगापूरच्या भागीदारीत आयटी पार्कचा करार झाला आणि ती दुपारची झोप कायमची उडाली.

हा आयटी पार्क ज्या जागी आहे, त्या गावाचं नाव पट्टंदूर अग्रहार. काडुगोडीला अकराव्या शतकातला, चोळांच्या काळातला एक शिलालेख आहे, त्यात पट्टंदूरचं तळं बांधल्याची नोंद आहे. हजार वर्षांपूर्वी या भागात कुणाला आपलं नाव दगडावर कोरून ठेवायचं होतं, तेव्हा त्याने सांगितलं काय? तर मी तळं बांधलं.

आणि इथून माझ्या विषयाचा गाभा सुरू होतो.

बंगळूर समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर आहे आणि शहराला मोठी नदी नाही. शहर एका कण्यावर बसलंय. पश्चिमेचं पाणी वृषभावतीला जातं. पूर्वेकडचं पाणी दोन मोठ्या खोऱ्यांतून उतरतं आणि शेवटी दक्षिण पिनाकिनी नदीला मिळतं. ही नदी नंदी डोंगराच्या बाजूने येते, होसकोट्याजवळून दक्षिणेला वाहते, मुगळूरवरून तामिळनाडूत होसूरजवळच्या केलवरपल्ली धरणात जाते. आता नदीच्या पश्चिमेला, साधारण तिच्या समांतर काय धावतं? आपला राज्य महामार्ग ३५.

हे नीट लक्षात घ्या. पश्चिमेला शहर, पूर्वेला नदी, आणि दोघांच्या मधे उत्तर-दक्षिण पसरलेला रस्ता. शहराच्या या बाजूचं जे पाणी नदीकडे जायचं आहे, ते या रस्त्याखालूनच जाणार. त्याला दुसरी वाट नाही. आडव्या रस्त्याचा हा स्वभावच आहे. उभा रस्ता बहुतेक कण्यावरून जातो, त्याला पाणी फारसं आडवं येत नाही. आडवा रस्ता मात्र प्रत्येक ओढा, प्रत्येक नाला ओलांडतो. म्हणून आडव्या रस्त्याची ताकद डांबरात नसते, ती मोऱ्यांमध्ये असते. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला ठेवलेली वाट. आम्ही सॅपर लोक रस्ता बघायला गेलो की आधी मोऱ्या मोजायचो, डांबर नंतर.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. त्यांनी एकाखाली एक तळी बांधली. वरचं भरलं की सांडव्यावरून पाणी खालच्यात. कानडीत या सांडव्याला ‘कोडी’ म्हणतात. आपल्या रस्त्यावर एक मोठा चौक आहे, त्याचं नाव वर्तूर कोडी. रोज हजारो तरुण मुलं कॅबवाल्याला सांगतात, वर्तूर कोडीला सोड. त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं की आपण एका तळ्याच्या सांडव्यावर उतरतोय! आपल्याकडे एखाद्या चौकाचं नाव ‘सांडवा’ असतं आणि तिथे पावसात पाणी आलं असतं, तर आपण नवल केलं असतं का?

वर्तूरचं तळं साधारण साडेचारशे एकरांचं. त्याच्या वरचं बेळ्ळंदूरचं सुमारे नऊशे एकरांचं. शहराच्या मध्यापासून निघालेलं पाणी कोरमंगल-चल्लघट्ट खोऱ्यातून बेळ्ळंदूरला, तिथून वर्तूरला, तिथून कोडीवरून रस्ता ओलांडून नदीकडे. वर्तूरला बांधाजवळ मला एक वयस्क गृहस्थ भेटतात. मी त्यांना अज्जा म्हणतो, ते मला ‘सार’ म्हणतात. त्यांच्या घराण्यात नीरगंटीचं काम होतं. नीरगंटी म्हणजे आपल्याकडचा पाटकरी समजा, तळ्याचा तूब उघडायचा, कुणाच्या शेताला किती पाणी हे ठरवायचं. माझं कानडी मोडकं, त्यांचं हिंदी त्याहून मोडकं, पण पाण्याची भाषा हातवाऱ्यांनी चालते. ते म्हणाले, ‘सार, आमच्या वडिलांच्या वेळी कोडीवरून पाणी पडायला लागलं की गावात आनंद व्हायचा. आता पडलं की लोक गाडी वळवतात.’

गाडी का वळवतात? २०१५ मध्ये या कोडीवरून पाण्याऐवजी फेस यायला लागला. पांढरा, माणसाच्या उंचीचा, वाऱ्याने उडून रस्त्यावर आणि मोटारसायकलवाल्यांच्या तोंडावर येणारा. शहराचं न शुद्ध केलेलं सांडपाणी, कपडे धुण्याच्या पावडरींतलं फॉस्फेट, तळाशी साठलेला गाळ, आणि कोडीवरून पडताना होणारी घुसळण. भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हे वारंवार मांडलं. वरच्या बेळ्ळंदूर तळ्याला तर आग लागली, पाण्याच्या तळ्याला! जानेवारी २०१८ मध्ये ती विझवायला शेजारच्या आर्मी सर्व्हिस कोअर केंद्रातले जवान उतरले. डिसेंबर २०१८ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने राज्य सरकारला ५० कोटी रुपयांचा दंड केला आणि तळ्यांच्या कामासाठी ५०० कोटी रुपये वेगळे ठेवायला सांगितले. त्यानंतर गाळ काढण्याचं काम सुरू झालं. याच खोऱ्यातलं सांडपाणी शुद्ध करून २०१८ पासून कोलारच्या कोरड्या तळ्यांकडेही पाठवतात. दिवसाला ४४ कोटी लिटर पाणी द्यायची ती योजना आहे. म्हणजे हातात घेतलं तर काम होतं, हेही सांगितलं पाहिजे.

आता ४ सप्टेंबर २०२२ ची रात्र. महादेवपुरा भागात १३० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. माझ्या कोकणातल्या मित्रांना हा आकडा ऐकून हसू येतं. ‘एवढा तर आमच्याकडे आषाढात नाश्त्याला पडतो,’ असं एक जण म्हणाला. बरोबर आहे. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला होता. त्याच्या सातव्या हिश्श्यात आमच्याकडे बाह्य वर्तुळ रस्ता बुडाला, सर्जापूर रस्त्यालगतच्या महागड्या बंगल्यांच्या वसाहतीत होड्या फिरल्या, आणि आयटी कंपन्यांतली मुलं ट्रॅक्टरवर बसून कामाला गेली. ती चित्रं तुम्ही सगळ्यांनी पाहिली आणि हसलात. मीही काही ठिकाणी हसलो.

पण आमच्या सोसायटीत हसणं शक्य नव्हतं. आमच्या खालच्या मजल्यावर केरळचे एक गृहस्थ राहतात, वय चौऱ्याहत्तर. त्यांचं डायलिसिस दिवसाआड. ५ तारखेला त्यांची पाळी होती. केंद्र घरापासून सहा किलोमीटरवर, पण मधे नाला. ॲम्ब्युलन्सवाल्याने दोनदा प्रयत्न केला आणि दोनदा परत गेला. शेवटी त्यांच्या मुलाने, आमच्या वॉचमनने आणि मी एका ट्रॅक्टरवाल्याला गाठलं, ट्रॉलीत प्लॅस्टिकची खुर्ची बांधली, त्यांना बसवलं, वर छत्री धरली. सहा किलोमीटरना तीन तास दहा मिनिटं लागली. ते आज आहेत, ठणठणीत आहेत आणि माझ्याशी बुद्धिबळात जिंकतात. पण त्या तीन तासांत त्यांच्या चेहऱ्यावरची सूज मी जवळून पाहिली आहे. रस्त्याचा विषय माझ्यासाठी तेव्हापासून छंद राहिलेला नाही.

पाणी ओसरल्यावर मी वही, टेप आणि गमबूट घेऊन निघालो. आमच्या मागच्या नाल्याच्या कडेने चालत गेलो. या नाल्यांना इथे राजकालुवे म्हणतात. कर्नाटक महसूल खात्याचं ‘दिशांक’ नावाचं ॲप आहे. त्यात तुम्ही उभे आहात त्या जागेचा जुना सर्वे नकाशा मोबाइलवर दिसतो. तळं कुठे, नाला कुठे, सर्वे नंबर कोणता. नकाशात नाला होता, मी टेप लावून जिथे उघडा सापडला तिथे मोजला : वीस फूट रुंद, सहा फूट खोल. थोडं पुढे गेल्यावर एका मोठ्या वसाहतीची भिंत आली. नाला तिच्याखाली जातो. कशातून? दोन फूट व्यासाच्या सिमेंटच्या नळातून.

आता शाळेतलं गणित. वीस गुणिले सहा, एकशे वीस चौरस फूट. दोन फूट व्यासाच्या नळाचं तोंड, जेमतेम सव्वातीन चौरस फूट. एकशे वीसमधून आलेलं पाणी सव्वातीनमधून जायचं, म्हणजे वाट जवळजवळ अडतीस पट लहान झाली. त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकल्या की तीही नाही. मग पाऊस १३० मिलिमीटर असो की ६०, पाणी मागे फिरणार आणि रस्त्यावर येणार. याला ढगफुटी म्हणायचं असेल तर म्हणा, आम्ही सॅपर लोक याला अडथळा म्हणतो. शत्रूच्या रणगाड्यांसाठी आम्ही मुद्दाम असे अडथळे करायचो!

मग प्रश्न येतो, हे दुरुस्त कोण करणार? इथे आडव्या रस्त्याचं दुसरं दुखणं दिसतं. राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचा. शहराच्या हद्दीत रस्ते महापालिकेकडे. महादेवपुरा आधी नगरपरिषद होती, २००७ मध्ये बृहत् बंगळूर महानगरपालिकेत आली, आणि २०२५ पासून शहराच्या पाच महापालिका झाल्या, त्यांतल्या पूर्व महापालिकेत आम्ही गेलो. पावसाळी नाले महापालिकेच्या वेगळ्या विभागाकडे. सांडपाणी जलमंडळाकडे. बेळ्ळंदूर-वर्तूर तळी विकास प्राधिकरणाकडे. सर्जापूर शहराच्या हद्दीबाहेर, तिथे खातं बदलतं. पाण्याला हे काही माहीत नाही. ते एका खात्यातून दुसऱ्यात अर्ज न करता जातं. सैन्यात प्रत्येक रस्त्याला एक जबाबदार अधिकारी नेमलेला असतो, त्याचं नाव फलकावर असतं. रस्ता बंद झाला तर फोन कुणाला करायचा, हे जवानाला पाठ असतं. पंचेचाळीस किलोमीटरच्या रस्त्याला असा एक माणूस असावा, ही मागणी काही फार मोठी नाही.

सरकार काही करत नाही असं मी म्हणणार नाही. मार्च २०२३ मध्ये कृष्णराजपुरम ते व्हाईटफिल्ड मेट्रो सुरू झाली, ऑक्टोबरमध्ये ती शहराच्या मार्गाला जोडली गेली. पण पाहा, मेट्रो उभी आहे, शहराकडे जाणारी. वर्तूरच्या माणसाला सर्जापूरला जायचं असेल तर मेट्रोचा उपयोग नाही. त्याच वेळी आणखी बाहेरून उपनगरांचा मोठा वर्तुळाकार महामार्ग बांधला जातोय, सुमारे २८० किलोमीटरचा. डोब्बासपेट ते होसकोटे हा तुकडा वापरात आला आहे. त्याच्या पुढच्या मार्गावरची नावं वाचा : होसकोटे, सर्जापूर, अत्तिबेले, आनेकल. ओळखीची वाटतात ना? चारशे वर्षांपूर्वीच्या बाजारगावांना जो आडवा रस्ता लागत होता, तोच आज कंटेनरना लागतो आहे. गरज जुनीच आहे, फक्त बैलगाडीच्या जागी अठरा चाकं आली.

आणि तिथेच माझी खरी काळजी आहे. नवा रस्ताही आडवा आहे. तोही या पाण्याच्या वाटा ओलांडणार आहे. सहा पदरी भराव म्हणजे कित्येक किलोमीटर लांबीचं धरणच. त्याच्या पोटात पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, किंवा ठेवल्या आणि नंतर कुणी त्यांच्या तोंडाशी भिंत घातली, तर आज महादेवपुऱ्यात जे होतं ते उद्या मुगळूर-सर्जापूरच्या नाचणीच्या शेतात होईल. तिथल्या शेतकऱ्याच्या दारी ट्रॅक्टर असेल, पण त्याचे व्हिडिओ कुणी काढणार नाही.

तुम्ही म्हणाल, कर्नल, आम्ही नागपूरला, ठाण्याला, बडोद्याला, इंदूरला बसलोय, आम्हाला तुमच्या बंगळूरच्या मोरीचं काय? पुणेकरांनो, २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आठवा. आंबिल ओढ्याने माणसं नेली. त्या ओढ्याला नाव होतं, नकाशावर जागा होती, आणि ती जागा घरांनी भरत गेली होती. प्रत्येक वाढत्या शहराच्या कडेला असा एक आडवा रस्ता असतो आणि त्याच्याखालून जाणारा असा एक ओढा असतो.

म्हणून एक काम सांगतो. हुकूम नाही, निवृत्त माणसाची विनंती समजा. येत्या उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, एका रविवारी सकाळी घरातून निघा. बरोबर एखादा नातू घ्या, त्याला टेप धरायला आवडतं. घरापासून एक किलोमीटरच्या आत रस्त्याखाली जेवढ्या मोऱ्या आहेत तेवढ्या शोधा. प्रत्येकीसाठी वहीत चार ओळी लिहा. पाणी येतं कुठून. जातं कुठे. तोंड किती फुटांचं आहे आणि किती भरलेलं आहे. आणि ती कोणत्या खात्याची. महाराष्ट्रात असाल तर महसूल खात्याच्या ‘महाभूनकाशा’ या संकेतस्थळावर गावाचा नकाशा बघता येतो, त्याच्याशी ताडून पाहा. फोटो काढा, तारीख घाला. मग ते पान सोसायटीच्या सभेत ठेवा आणि एक प्रत वॉर्ड कार्यालयात पोच घेऊन द्या. पोच घ्यायला विसरू नका.

आमच्या सोसायटीत हे केलं तेव्हा पहिल्या सभेला सहा माणसं होती, त्यातली दोन चहासाठी आलेली. दुसऱ्या सभेला तीस आली, कारण मधे एकदा पाऊस पडला होता. आज आमच्याकडे एकोणीस मोऱ्यांची वही आहे. त्यांतल्या अकरा दर मे महिन्यात साफ होतात. त्या दोन फुटी नळाच्या जागी चौकोनी मोरी मंजूर झाली आहे, काम अजून व्हायचंय. मी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी विचारायला जातो. तिथला कारकून आता मला बघूनच फाईल काढतो आणि म्हणतो, ‘बन्नी सार, कूत्कोळी.’ म्हणजे या, बसा.

पुढच्या वेळी बंगळूरला याल तेव्हा शहरातली ठिकाणं बघाच. पण अर्धा दिवस काढून होसकोट्याहून अत्तिबेलेपर्यंत या आडव्या रस्त्याने या. वाहतूक असेल, धीर ठेवा. मुराररावांचा तळ पडला होता तो मुलूख बघा, व्हाईटफिल्डच्या इनर सर्कलमधली झाडं बघा, वर्तूरला बांधावर उभं राहा. पाणी कुठल्या बाजूने येतं आणि कुठे जातं, तेवढं मात्र स्वतःच्या डोळ्यांनी ओळखा. मी महादेवपुऱ्यातच आहे. पत्ता संयोजकांकडे आहे, आधी कळवलंत तर सौ. पिठलं-भाकरी करतील आणि मी गमबूट काढून ठेवीन.

 जय हिंद, जय महाराष्ट्र, आणि ज्या मातीत राहतो तिलाही नमस्कार : जय कर्नाटक.